तीन मिनिटांचे शास्त्र

बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळांमध्ये अलीकडे एक नवे शास्त्र उदयाला आले आहे. व्याख्यान कितीही मोलाचे असो, वक्ता कितीही व्यासंगी असो, त्याची चित्रफीत इंटरनेटवर प्रसारित करायची झाल्यास ती तीन मिनिटांपेक्षा मोठी असता कामा नये, असे हे शास्त्र सांगते. काही ठिकाणी तर ही मर्यादा एका मिनिटावर आली आहे. ज्यांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यावर आलेख पाहण्याची सोय आहे ते या शास्त्राचे आचार्य, आणि 'आजकाल वेळ आहे कोणाला?' हे त्याचे आद्य सूत्र. आता आपल्याही मंडळाच्या कार्यकारिणीपुढे तसा रीतसर प्रस्ताव आला आहे. व्याख्यानमालेतील प्रत्येक भाषणाचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे करावेत, त्यांतील चटकदार असतील तेवढे प्रसारित करावेत, आणि मूळ ध्वनिचित्रमुद्रणे फार जागा अडवतात म्हणून वर्षअखेरीस पुसून टाकावीत, असा त्याचा आशय आहे. मराठी शब्द नव्या पिढीच्या कानी पडावा, हा प्रस्तावकांचा हेतू शुद्ध आहे, याबद्दल शंका नाही. परंतु शुद्ध हेतूने केलेली मोडतोड ही अखेर मोडतोडच असते. म्हणून हा विरोधाचा लेख.

मुळात हा प्रश्न कोणाचा आहे, ते आधी पाहिले पाहिजे. 'प्रेक्षक किती वेळ टिकेल?' हा प्रश्न व्याख्यात्याचा नाही, श्रोत्याचा नाही आणि मंडळाचाही नाही. तो जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्यांचा आहे. प्रेक्षक पडद्यासमोर जितका काळ राहील तितक्या जाहिराती त्याला दाखवता येतात, म्हणून त्या कंपन्या त्याच्या मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतात. त्यांनी तो खुशाल ठेवावा. तो त्यांचा व्यवसाय आहे. पण त्यांचा हिशेब आपण निसर्गनियम समजू लागलो की घोटाळ्याला प्रारंभ होतो. निसर्गनियम दर दोन-चार वर्षांनी बदलत नसतो. हा नियम मात्र सतत बदलत आला आहे.

यूट्यूबवरील अगदी पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढवली गेली; ती अवघी एकोणीस सेकंदांची होती. मार्च २००६ मध्ये यूट्यूबने सर्वसामान्य सदस्यांसाठी दहा मिनिटांची मर्यादा घातली. तिच्यामागे मानवी मनाचा काही अभ्यास नव्हता. लोक दूरचित्रवाणीवरील मालिका आणि चित्रपट परवानगीवाचून चढवत होते, त्याला आळा घालण्यासाठी ती होती. जुलै २०१० मध्ये ती पंधरा मिनिटांवर गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून अनेक सदस्यांसाठी ती उठूही लागली. २०१२ मध्ये कोणती चित्रफीत पुढे आणावी हे ठरवण्याचा निकषच बदलला: ती किती जणांनी उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली, याला अधिक वजन आले. तेव्हा लांबीला भाव चढला. दहा मिनिटांच्या चित्रफितीत मध्येच जाहिरात घालता येई, त्यामुळे सात मिनिटांचा मजकूर ताणून दहा मिनिटांचा करण्याची कला पुष्कळांनी साध्य केली. जुलै २०२० पासून ही अट आठ मिनिटांवर आली आणि ताण तेवढा सैल झाला.

याच सुमारास वारे उलट दिशेने वाहू लागले. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली. मोकळ्या झालेल्या मैदानात जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे 'रील' आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे 'शॉर्ट्स' उतरले. दोन्ही आरंभी पंधरा सेकंदांचे होते, आणि दोन्ही यथावकाश लांबत गेले. शॉर्ट्स साठ सेकंदांचे झाले, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांचे. ज्या टिकटॉकने जगाला पंधरा सेकंदांचे वेड लावले, त्याने स्वतः जुलै २०२१ मध्ये तीन मिनिटांना आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दहा मिनिटांना परवानगी दिली. आखूडपणा हेच यशाचे बीज असते, तर सहा सेकंदांच्या चित्रफितींचे 'व्हाइन' आज सर्वांत पुढे असायला हवे होते. ते २०१७ च्या जानेवारीत बंद झाले. दहा मिनिटांच्या आतील कार्यक्रमांची 'क्विबी' ही अमेरिकी सेवा पावणेदोनशे कोटी डॉलरांचे भांडवल घेऊन एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर उजाडताच मिटली.

आपल्या प्रस्तावातील तीन मिनिटांचे माहेर कोणते, हे यावरून वाचकांच्या ध्यानात येईल. ती कोणा मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आलेली नाहीत. एका कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सोयीसाठी आखलेली ती रेघ आहे. उद्या त्या कंपनीने ही रेघ पाच मिनिटांवर नेली, तर आपले वक्ते दोन मिनिटांनी अधिक विचारी होणार आहेत काय? आणि परवा ती एका मिनिटावर आली, तर गेल्या वर्षीचे तुकडे पुन्हा कातरायचे काय?

प्रस्तावाच्या समर्थनार्थ एका संशोधनाचाही दाखला दिला जातो. शैक्षणिक चित्रफीत सहा मिनिटांहून मोठी असू नये, असे म्हणे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. हे संशोधन खरे आहे, आणि म्हणूनच ते नीट वाचले पाहिजे. फिलिप ग्वो आणि त्यांचे दोन सहकारी यांनी ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. एडएक्स या अमेरिकी शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांच्या चित्रफिती विद्यार्थी कशा पाहतात, याच्या ६९ लाख नोंदी त्यांनी तपासल्या. चित्रफीत कितीही लांब असली तरी ती एका वेळी पाहिली जाण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे त्यांना आढळले. येथपर्यंत प्रस्तावकांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु हे अभ्यासक्रम विज्ञान, संख्याशास्त्र आणि संगणक यांचे होते. तेथे विद्यार्थी एक पायरी पाहतो, चित्रफीत थांबवतो, उदाहरण सोडवून पाहतो आणि मग पुढे जातो. ज्ञानेश्वरीच्या भाषेवरील व्याख्यान कोणी असे ऐकत नाही. शिवाय चित्रफीत चालू राहणे म्हणजे लक्ष असणे नव्हे, ही आपल्या मोजमापाची मर्यादा संशोधकांनी स्वतःच नमूद केली आहे.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र या दाखल्यातून नेमका गळतो. वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रण मागाहून तुकडे करून पुढे ठेवले, तर ते मुद्रण उत्तम दर्जाचे असूनही विद्यार्थ्यांना तितके धरून ठेवत नाही; छोट्या चित्रफितीसाठी मजकूर मुळापासूनच तसा बेतावा लागतो, असे त्याच लेखात सांगितले आहे. म्हणजे ज्या संशोधनाच्या बळावर प्रस्तावक कात्री उगारतात, त्या संशोधनानेच ती कात्री अमान्य केलेली आहे. साक्षीदार बोलावला यांनी, आणि साक्ष दिली आमच्या बाजूने!

दुसरा दाखला सोनेरी माशाचा. माणसाचे अवधान आता आठ सेकंदांवर आले असून ते सोनेरी माशाच्या नऊ सेकंदांहूनही कमी आहे, हे वाक्य आता सभासंमेलनांतून सुभाषितासारखे फिरते. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेने २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी काढलेल्या एका अहवालातून ते जगभर पसरले. तेथेही तो आकडा दुसरीकडून उचललेला होता. २०१७ मध्ये बीबीसीने त्याचे मूळ शोधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यामागे कोणतेही संशोधन हाती लागले नाही. माणसाचेही नाही आणि माशाचेही नाही. तरीही त्या माशाच्या आधारे आपल्या नातवंडांच्या बुद्धीचे माप काढण्याचा उद्योग चालूच आहे.

आता आलेखाकडे वळू. यूट्यूब प्रत्येक चित्रफितीखाली तिच्या मालकाला सरासरी पाहण्याचा काळ दाखवते. प्रस्तावक हा आकडा पाहतात आणि हवालदिल होतात. समजा, एका तासाच्या व्याख्यानाला दोनशे प्रेक्षक लाभले आणि सरासरी निघाली बारा मिनिटे. 'पाहा, लोक बारा मिनिटांत उठून जातात' असा निष्कर्ष तत्काळ निघतो. पण ही सरासरी अशीही येऊ शकते: एकशे साठ जण तीन मिनिटे पाहून निघून गेले, आणि चाळीस जण अठ्ठेचाळीस मिनिटे बसून राहिले. पहिल्यांची मिनिटे चारशे ऐंशी, दुसऱ्यांची एकोणीसशे वीस, बेरीज चोवीसशे, दोनशेंनी भागा, बारा. या दोनशेंमध्ये बारा मिनिटे पाहणारा एकही मनुष्य नाही! आपण त्या अस्तित्वातच नसलेल्या प्रेक्षकासाठी व्याख्यान बारा मिनिटांचे केले, तर चाळीस जिज्ञासूंच्या तोंडचा घास काढून घेतो आणि एकशे साठ वाटसरूंना तरीही थांबवू शकत नाही. ते वेगळेच काही शोधत आले होते आणि ते येथे नाही असे दिसताच गेले. ग्रंथालयाच्या दारातून डोकावून परतणाऱ्यांची गणती करून कोणी ग्रंथांची पाने कमी करत नाही.

तुकड्यांच्या प्रचंड प्रेक्षकसंख्येचेही असेच आहे. मार्च २०२५ च्या अखेरीपासून शॉर्ट्सच्या बाबतीत चित्रफीत सुरू झाली, की ती किमान किती वेळ पाहिली गेली याची अट न घालता एक 'दर्शन' मोजले जाते. ती फिरून पहिल्यापासून सुरू झाली, तर आणखी एक. अंगठ्याने पडदा वर सरकवताना जे जे नजरेखालून गेले, ते ते पाहिले असे धरायचे. या न्यायाने रजवाड्यासमोरून रिक्षाने जाणाऱ्या प्रत्येकाने इतिहासाचा अभ्यास केला, असे म्हणावे लागेल. आणि केवळ मिनिटांचाच हिशेब मांडायचा असेल, तरी तो मांडून पाहावा. एका मिनिटाचा तुकडा हजार जणांनी सरासरी पंचेचाळीस सेकंद पाहिला, तर भरतात साडेबारा तास; वरचे 'अयशस्वी' व्याख्यान दोनशे जणांनी सरासरी बारा मिनिटे पाहिले, त्याचे भरतात चाळीस तास.

लक्ष ही काही प्रत्येकाच्या डोक्यात ठराविक मापाने भरलेली आणि दर पिढीला आटत जाणारी वस्तू नाही. ते मिळवावे लागते, आणि ते कसे मिळवावे याचे शिक्षण मराठी परंपरेने पूर्वीच दिलेले आहे. नारदीय कीर्तनाची रचना पाहा. नमन, मग मूळ पद, त्याचे निरूपण. मध्ये नामाचा गजर आणि बुक्का. मग उत्तररंगातले आख्यान. आणि शेवटी आख्यानाचा धागा फिरून मूळ पदाशी आणून बांधायचा. निरूपण जड होऊ लागले की साकी यावी, दिंडी यावी, एखादा विनोद यावा. श्रोता सैलावला की कथेला वळण मिळावे. दोन-अडीच तास निरक्षर आणि विद्वान शेजारी शेजारी बसवून ठेवणारी ही योजना आहे. कीर्तनकाराच्या हाती आलेख नव्हता. समोरच्या माणसांचे चेहरे होते. मंडळी पेंगू लागली तर त्याने कीर्तन तीन मिनिटांचे केले नाही, ते अधिक चांगले केले. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ'चा अख्खा प्रयोग एकट्याच्या बळावर उभा केला, तोही याच परंपरेच्या भरवशावर. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडे म्हणण्याची रीत जुनी आहे. अंगण फार लांब आहे, ही तक्रार तेवढी नवी.

यावर कोणी म्हणेल की आखूड कलाकृतीही थोर असू शकते. अगदी मान्य. त्याचेही उदाहरण आपल्याच घरात आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. मेणाच्या थरावर खोदल्या जाणाऱ्या खाचेची ती मर्यादा होती, रसिकाच्या कानाची नव्हे. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांनी त्या तीन मिनिटांत जे भरले ते आजही थक्क करते. पण त्यांनी ते कसे भरले? रात्रभर चाललेल्या मैफलीतून वा नाटकातून कोणी तीन मिनिटे कापून तबकडीवर चिकटवली नाहीत. ते गाणे त्या अवकाशासाठी नव्याने बेतलेले होते. त्याला स्वतःचा आरंभ होता आणि स्वतःचा शेवट होता. आणि तबकडी खपू लागली म्हणून कोणी मैफली बंद केल्या नाहीत. पुढे लाँग-प्ले तबकडी आली, तेव्हा आपल्या इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँ यांनी एक अख्खी बाजू एकट्या मारव्याला दिली. तो मारवा स्वरास्वराने उलगडत जाताना ऐकणाऱ्या कोणालाही तो लांब वाटलेला नाही. यंत्राची मर्यादा सैल होताच कलेने आपला मूळ विस्तार परत घेतला. आज यंत्राची मर्यादाच उरलेली नाही. बारा तासांची चित्रफीतही चढवता येते. अशा वेळी ही बेडी आपण आपल्याच हाताने का घालून घ्यावी?

तुकडे केल्याने केवळ मजकूर कमी होतो असे नाही. अर्थ उलटा होतो, आणि मराठीत तो विशेष सहजपणे उलटा होतो. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. 'बाहेरच्या प्रांतांतील मराठी शाळांचे दिवस संपले, त्या आता बंद केलेल्या बऱ्या, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही' या वाक्याचा पूर्वार्ध कापून पाहा. वक्त्याने जे खोडून काढले, तेच त्याच्या तोंडी घातले जाईल. वाक्याचे जे होते, तेच युक्तिवादाचेही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण सामर्थ्यानिशी मांडायचे आणि मगच त्याचे खंडन करायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत आपल्या वादपरंपरेचा कणा आहे. प्रामाणिक वक्ता पूर्वपक्षाला दहा मिनिटे देतो. त्या दहा मिनिटांतील 'चटकदार' तीन मिनिटे भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरू लागली, की तो वक्ता पुढच्या वर्षी व्यासपीठावर येणार नाही. आला तर पूर्वपक्ष मांडण्याचे धाडस करणार नाही. मग उरतील फक्त टाळ्यांची वाक्ये. चटकदार तुकडे निवडण्याची प्रथा अखेर तुकड्यांत बोलणारे वक्तेच निवडते.

हे नुकसान पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला कदाचित परवडेल. त्याला मराठी रस्त्यावर, न्यायालयात, वर्तमानपत्रात, रंगभूमीवर भेटते. आपली स्थिती निराळी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतून मराठी टिकली ती बव्हंशी कानांनी टिकली. मुले हिंदी, गुजराती, तेलुगू वा इंग्रजी माध्यमातून शिकली. देवनागरी जेथे शिकवली गेली तेथेही ती हिंदीसाठी. घरात उरते ती स्वयंपाकघराची आणि दिवाणखान्याची मराठी: जेवायला ये, दार लाव, आजी बोलावते आहे. ही मराठी गोड आहे, पण ती आज्ञांची आणि निरोपांची आहे. 'जरी… तरी', 'ज्या अर्थी… त्या अर्थी', 'असे असले तरी', 'तात्पर्य' ही विचारांची सांधेजोड त्या मराठीत क्वचितच येते. चार उपवाक्ये पोटात घेऊन डौलाने क्रियापदापर्यंत पोहोचणारे वाक्य आपल्या मुलांच्या कानी पडण्याची ठिकाणे मोजकीच आहेत: कीर्तन, नाटक आणि व्याख्यान. त्यांतले व्याख्यानही तीन मिनिटांच्या चटकदारपणावर आणून ठेवले, तर मुलांना मराठीत हसता येईल, घोषणा देता येतील. मराठीत विचार करता येणार नाही. ज्या भाषेत विचार करता येत नाही, ती भाषा दोन पिढ्यांत आडनावापुरती उरते.

आणि मूळ मुद्रणे पुसण्याची कल्पना तर केवळ अविचाराची आहे. आपल्या मंडळाच्या संग्रहात ज्यांचे आवाज आहेत, त्यांपैकी काही वक्ते आज हयात नाहीत. १९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. त्यापूर्वीचे इंदूर डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता अखेरच्या टप्प्यात आहे. त्या पिढीची बोली, माळवी-हिंदीच्या सहवासाने तिला आलेला खास वळसा, तिचे नातेवाचक शब्द, तिच्या म्हणी कोणत्याही छापील ग्रंथात पूर्णपणे उतरलेल्या नाहीत. त्या या मुद्रणांत आहेत, आणि बरेचदा वक्त्याने मूळ विषय सोडून जे विषयांतर केले त्यात आहेत. तीन मिनिटांच्या कसोटीला सर्वांत आधी कापले जाईल ते हेच विषयांतर. ज्या समाजाने मोडी दप्तरांचे रुमाल घराच्या माळ्यावर तीन-तीन पिढ्या जपले, त्याच समाजाने अंगठ्याएवढ्या पेटीत मावणारा आवाज जागेअभावी पुसावा, यापरता करंटेपणा कोणता?

याचा अर्थ आज आपली मंडळे जे प्रसारित करतात ते निर्दोष आहे, असा मुळीच नाही. प्रस्तावकांच्या वैतागाला सबळ कारण आहे. दोन तासांची चित्रफीत उघडावी, तर प्रथम रिकाम्या व्यासपीठाचे दर्शन, मग माइकची 'हॅलो, हॅलो', दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ. पंचविसाव्या मिनिटाला वक्ता उभा राहतो आणि पुढची पाच मिनिटे सर्वांची नावे घेतो. कॅमेरा सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, त्यामुळे वक्त्याचा चेहरा वाटाण्याएवढा आणि शब्दांपेक्षा पंख्याची घरघर मोठी. अशा चित्रफितीवरून प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला उठून गेला, तर दोष त्याच्या अवधानाचा नाही. तो सुज्ञ आहे. समारंभ सभागृहात शोभतो, कारण तेथे तो नात्यांचा भाग असतो. दूरच्या अनोळखी श्रोत्याला त्याचा उपद्रवच होतो. कात्री चालवायचीच असेल तर ती येथे चालवावी. गंमत अशी, की प्रस्तावात विचार कापण्याची तरतूद आहे, हारतुरे कापण्याची नाही.

'छोटा तुकडा पाहून कोणी मोठ्या व्याख्यानाकडे वळेल' हा प्रस्तावकांचा सर्वांत चांगला युक्तिवाद आहे, आणि तो मी मानतो. पुस्तकाच्या वेष्टनावरील चार ओळी वाचून पुस्तक उघडणारे वाचक असतातच. पण त्यासाठी आत पुस्तक असावे लागते. पुस्तक रद्दीत घालून वेष्टन वाटणे, याला प्रसार म्हणत नाहीत. 'तरुणांना लांब काही नको असते' हे विधान तर रोजच्या अनुभवाला धरून नाही. हीच मुले सुट्टीत एका बैठकीत मालिकेचे सहा-सहा भाग पाहतात, दिवसभर चालणारा क्रिकेटचा सामना पाहतात, आवडत्या विषयावरील दोन-दोन तासांच्या मुलाखती ऐकतात. त्यांना लांब नको असे नाही. त्यांना कंटाळवाणे नको आहे. कंटाळा आपल्यालाही नको असतो. फरक एवढाच, की आपण सभ्यतेपोटी खुर्चीत बसून राहतो.

केवळ विरोध करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून पर्यायी व्यवस्था सुचवतो. लांबीचा ठराव करूच नये. ती विषयाने ठरवावी. एका कवितेचे वाचन तीन मिनिटांत पूर्ण होते, ते चार मिनिटांचे करू नये. एखाद्या वृद्ध व्यक्तीची आठवण अर्धा तास घेईल, ती घेऊ द्यावी. व्याख्यान पाऊण तासाचे असेल तर पाऊण तासाचे, सव्वा तासाचे असेल तर सव्वा तासाचे ठेवावे. मात्र त्यात वक्त्याचे पहिले अर्थपूर्ण वाक्य अर्ध्या मिनिटाच्या आत ऐकू आले पाहिजे, आणि आज कोणत्या प्रश्नाचा विचार होणार आहे हे श्रोत्याला आरंभीच कळले पाहिजे. कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी वक्त्याच्या सदऱ्याला लावायच्या छोट्या माइकवर खर्च करावा; चेहरा अंधुक असला तरी लोक ऐकतात, आवाज अंधुक असला तर कोणी थांबत नाही. चित्रफितीखाली मुद्द्यांची वेळवार अनुक्रमणिका द्यावी, म्हणजे ज्याला दहाच मिनिटे आहेत त्याला हवी ती दहा मिनिटे स्वतः निवडता येतील. निवडीचा अधिकार श्रोत्याचा. तो आपण कात्रीने बळकावू नये.

छोटी चित्रफीत हवी असेल तर ती वेगळी करावी. व्याख्यान संपल्यावर वक्त्याला दुसऱ्या खोलीत बसवून विनंती करावी, की आजच्या विषयातील एकच गोष्ट तीन मिनिटांत, आरंभापासून शेवटापर्यंत, पूर्ण वाक्यांत सांगा. तबकडीसाठी गाणाऱ्यांनी हेच केले, आणि चांगला वक्ता हे आनंदाने करील. त्या चित्रफितीखाली संपूर्ण व्याख्यानाचा पत्ता द्यावा. यशाचे मापही बदलावे. किती जणांनी उघडले हे मोजण्यापेक्षा किती जण शेवटापर्यंत पोहोचले, किती जण पुढच्या व्याख्यानाला परत आले आणि किती जणांनी प्रश्न विचारले, याची नोंद वार्षिक अहवालात यावी. मूळ मुद्रणांच्या दोन प्रती काढून त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि वक्त्याचे नाव, दिनांक, विषय यांची यादी मंडळाच्या ग्रंथालयात टांगावी. याला लागणारा पैसा एका स्नेहभोजनाच्या खर्चापेक्षा अधिक नाही.

तीन मिनिटांत जे सांगता येते ते तीन मिनिटांत जरूर सांगावे. पण आपल्या पूर्वजांनी परप्रांतात मराठी टिकवली ती वेळ वाचवून नव्हे, वेळ देऊन. त्यांनी ग्रंथालये काढली, दिवसाचे काम आटोपून रात्री नाटकांच्या तालमी केल्या, व्याख्यानांना सतरंज्या अंथरल्या आणि शेवटच्या प्रश्नोत्तरापर्यंत बसून राहिले. त्यांच्या नातवंडांना बसता येणार नाही, असे गृहीत धरण्याचा अधिकार कार्यकारिणीला कोणी दिला? प्रस्ताव येत्या बैठकीत मतास येईल. सभासदांनी उपस्थित राहावे, तो फेटाळावा, आणि त्याच बैठकीत मूळ मुद्रणांच्या जतनाचा ठराव संमत करून घ्यावा. त्या चर्चेला तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागेल. तो द्यावा.